डॅशबोर्डमागच्या बेवारस वायरी

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारला, की दोन-चार तरी वायरी अशा दिसतातच ज्यांचं टोक कशालाच जोडलेलं नसतं. एखादीच्या टोकाला गोल पितळी बुलेट, एखादीला चपटं थिंबल, एखादीला पांढरा प्लास्टिकचा कपलर. गाडी चालते आहे, दिवे लागतात, हॉर्न वाजतो. मग ही टोकं कशाची? बहुतेक मालक त्यांना टेप गुंडाळून आत ढकलतात. बहुतेक कारागीर पक्कड घेऊन कापून टाकतात. काही उत्साही मंडळी जवळच्या रिकाम्या पिनेला ती जोडून बघतात. या तिन्ही गोष्टी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. अशा टोकाची ओळख पटवता येते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. क्रम पाळावा लागतो आणि धीर धरावा लागतो.

मी बडोद्याला सयाजीगंजात राहते. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात झाली, म्हणजे वायर, रिले आणि टर्मिनल यांच्याच संगतीत. घरात मामंजींची १९७२ सालची अँबॅसडर मार्क टू आहे. ते गेल्यावरही आम्ही ती विकली नाही. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो आणि महिन्यातून एखादी चक्कर काळा घोडा, कमाटीबाग, राजमहालाच्या रस्त्याने होते.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत कित्येक दिवस पाणी साचून राहिलं. आमच्या पार्किंगमध्येही ते शिरलं आणि गाडीच्या सीटच्या वर चढलं. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं तेल, ब्रेक, गाद्या ही कामं एकेक करून झाली. वायरिंगपाशी मात्र सगळं अडलं. एका गॅरेजने जुनं वायरिंग काढून टाकून बाजारातला तयार संच बसवायचा सल्ला दिला. मी डॅशबोर्डखालचं झाकण काढून बघितलं, तर पाच टोकं मोकळी होती. ती कशाची, हे घरातल्या कुणाला माहीत नव्हतं आणि गॅरेजमध्येही कुणाला सांगता येईना. ज्या वायरीचं काम माहीत नाही ती काढायची कशी, हा माझ्या खात्यातला पहिला प्रश्न. तिथूनच मी सुरुवात केली.

ओखा, उत्तरपाडा आणि बर्मिंगहॅम

वायरी वाचायच्या, तर गाडीचं कूळ आधी माहीत हवं. अँबॅसडर बनवणारी हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ साली सुरू झाली ती ओखा बंदरात. ओखामंडळ तेव्हा बडोदे संस्थानात होतं आणि हे बंदर महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत उभं राहिलं होतं. बिर्लांच्या या कंपनीने तिथे मोटारी जुळवायला सुरुवात केली आणि १९४८ साली कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हलवला. पुढे ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री या गाडीवरून अँबॅसडर घडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २४ मे २०१४ पर्यंत ती बनत राहिली. मार्क टू ही आवृत्ती १९६३ साली आली.

गाडी ब्रिटिश घराण्यातली, म्हणून तिचं वायरिंगही त्याच घराण्यातलं. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने ब्रिटनमधल्या बहुतेक मोटारींना डायनामो, सेल्फ, कॉइल, स्विच आणि दिवे पुरवले, आणि त्यासोबत वायरींच्या रंगांची एक पद्धतही रुजवली. ब्रिटिश मानक संस्थेने नंतर तीच पद्धत ‘एयू ७’ या क्रमांकाखाली प्रमाण ठरवली. भारतात १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली आणि देशात बनणाऱ्या गाड्यांना तिचा माल जाऊ लागला. म्हणून बडोद्यातल्या अँबॅसडरची एखादी वायर ओळखायला बर्मिंगहॅमचा रंगतक्ता उपयोगी पडतो. मॉरिस, ऑस्टिन, जुनी स्टँडर्ड हेराल्ड किंवा लँड रोव्हर ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही पुढचा बराचसा भाग लागू पडेल.

टोकं मोकळी का राहतात

मोकळ्या टोकांचे साधारण चार प्रकार असतात. पहिला प्रकार कारखान्यातला. एकच वायरिंग संच निरनिराळ्या आवृत्त्यांना चालावा म्हणून त्यात जास्तीच्या वायरी ठेवलेल्या असतात. रिव्हर्सचा दिवा, घड्याळ, हीटर, फॉग लॅम्प या सोयी ज्या गाडीत नाहीत, तिच्यात त्यांची टोकं तशीच राहतात. ती जन्मापासून मोकळी असतात आणि तिथे बिघाड काहीच नसतो.

दुसरा प्रकार मालकाने नंतर केलेल्या भरतीचा. रेडिओ, मग कॅसेट प्लेयर, डॅशबोर्डवरचा छोटा पंखा, संगीताचा हॉर्न, चोरघंटा, गॅस किट. वस्तू निघून जाते, वायर मागे राहते. तिसरा प्रकार निसटलेल्या टोकांचा. थरथरीने, गंजाने किंवा दुरुस्तीत एखादं थिंबल सुटतं आणि पुन्हा लावायचं राहून जातं. बंद पडलेला पेट्रोल-काटा किंवा न लागणारा मीटरचा दिवा याच प्रकारातला असतो. चौथा प्रकार मुद्दाम सोडवलेल्या टोकांचा. कुठेतरी शॉर्ट होत होता, मूळ दोष सापडला नाही, म्हणून कुणीतरी ती शाखाच सोडवून ठेवली. हा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण अशी वायर पुन्हा जोडली की जुना दोष जिवंत होतो.

कोणतं टोक कोणत्या प्रकारातलं, हे ठरल्याशिवाय त्याचं काय करायचं ते ठरत नाही.

रंग काय सांगतात

लुकासच्या पद्धतीत वायरीचा मुख्य रंग तिचं घराणं सांगतो आणि अंगावरून गेलेली बारीक धारी तिचं नेमकं काम सांगते. तपकिरी वायर थेट बॅटरीची असते, किल्ली काढलेली असली तरी जिवंत, आणि मध्ये फ्यूज नसतो. पांढरी इग्निशनची, किल्ली फिरवली की तिच्यात करंट येतो, आणि तीही फ्यूजशिवायच. हिरवी म्हणजे तोच इग्निशनचा करंट फ्यूजमधून आलेला. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेला पण कायम चालू असलेला. निळी हेडलाइटची, लाल साइड लाइटची. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या बॉडीला जोडलेली.

मग धारी. निळीवर पांढरी धारी असेल तर हाय, लाल असेल तर डिप. हिरवीवर लाल धारी म्हणजे डावा इंडिकेटर, पांढरी म्हणजे उजवा, जांभळी म्हणजे ब्रेक लाइट, काळी म्हणजे पेट्रोलच्या टाकीतून काट्याकडे येणारी वायर, निळी म्हणजे पाण्याच्या तापमानाची, तपकिरी म्हणजे रिव्हर्सच्या दिव्याची. पांढरीवर तपकिरी धारी ऑइल प्रेशरच्या दिव्याची, पांढरीवर काळी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी. लालवर पांढरी म्हणजे मीटर उजळणारे दिवे. जांभळीवर काळी म्हणजे हॉर्नच्या बटणाची. तपकिरीवर पिवळी म्हणजे डायनामोकडून कटआऊटकडे, म्हणजे चार्जिंग जुळवणाऱ्या पेटीकडे, आणि चार्जिंगच्या लाल दिव्याकडे जाणारी.

पन्नास वर्षांत हे रंग मळतात आणि विटतात. इंजिनाच्या उष्णतेने हिरवीची पिवळट होते, जांभळी तपकिरी वाटू लागते, धारी पुसट होते. अशा वेळी उघड्या भागाकडे बघून निर्णय घेऊ नये. वायरींच्या जुड्यावरचा जुना टेप थोडा सोडवला, किंवा पत्र्याच्या पकडीखालचा भाग ओल्या फडक्याने साबण लावून पुसला, की मूळ रंग दिसतो. पन्नासच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या गाड्यांमध्ये रबरावर सुती विणीच्या वायरी असत. त्यांचा रंग तर उरत नाहीच, पण हाताळताना रबर भुगा होऊन पडतं. तिथे फार जपून काम करावं लागतं.

रंगतक्त्याबद्दल एक इशारा मोठ्या अक्षरांत द्यायला हवा. हा तक्ता फक्त ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांचा आहे. जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ आणि काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. लुकासमध्ये हे बरोबर उलटं आहे. मर्सिडीजवर हात बसलेल्या कारागिराने अँबॅसडरची तपकिरी वायर अर्थ समजून बॉडीला टेकवली, तर बॅटरीचा सगळा करंट फ्यूजशिवाय त्या वायरीतून धावेल आणि काही सेकंदांत जुडा पेटेल. बारा व्होल्टचा झटका माणसाला लागत नाही, म्हणून लोक मोटारीची वीज निरुपद्रवी समजतात. पण मोटारीची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते आणि त्या उष्णतेला वायरीचं प्लास्टिक पुरत नाही. जर्मन आणि इतर बऱ्याच युरोपीय गाड्यांत रंगांपेक्षा टर्मिनलचे आकडे जास्त कामाचे असतात: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ, ५६ए हाय, ५६बी डिप. हे आकडे स्विच आणि रिलेच्या अंगावर कोरलेले सापडतात.

हात लावण्याआधी

रेल्वेत सिग्नलची एक वायर सोडवायची असली, तरी स्टेशन मास्तरला डिसकनेक्शन मेमो द्यावा लागतो. त्याची सही झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि काम झाल्यावर तपासणी करून पुन्हा जोडल्याची नोंद करायची. रिले रूममधल्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी असते आणि तिचा नंबर नकाशात असतो, कारण तिथे एक चुकीचा जोड म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन गाड्या. मोटारीत एवढी मोठी जोखीम नसेल, पण शिस्त तीच लावली तर काम सोपं होतं.

पहिलं काम बॅटरी सोडवायचं, आणि बॉडीला जोडलेलं टोक आधी काढायचं. ते निगेटिव्ह आहे की पॉझिटिव्ह, हे तेव्हाच बघून लिहून ठेवायचं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश गाड्यांमध्ये सर्रास पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. अशा गाडीत आजचा मोबाइल चार्जर किंवा रेडिओ सरळ जोडला तर तो तत्क्षणी जळतो. आमच्या गाडीत निगेटिव्ह बॉडीला आहे.

दुसरं काम फोटो. झाकण काढल्यावर, काहीही हलवण्याआधी, तीन-चार कोनांतून फोटो काढायचे. तिसरं काम चिठ्ठ्या. प्रत्येक मोकळ्या टोकाला कापडी टेपची चिठ्ठी लावून १, २, ३ असे आकडे टाकायचे आणि वहीत त्या आकड्यापुढे रंग, धारी, वायरीची जाडी आणि टोकाचा प्रकार लिहायचा. चिठ्ठीवर ‘रेडिओ’ किंवा ‘लाइट’ असं अंदाजाने लिहू नये. अंदाज एकदा चिठ्ठीवर गेला, की पुढचा माणूस त्याला पुरावा समजतो.

टोकाचा प्रकारही बोलका असतो. लुकासच्या काळातले जोड बहुधा ४.७ मिलिमीटर जाडीच्या गोल बुलेटचे, काळ्या रबरी नळीत समोरासमोर खोचलेले. पांढरा नायलॉनचा कपलर, निळं-लाल प्लास्टिकचं थिंबल किंवा पिळून टेप मारलेला जोड दिसला, तर ती नंतरची भर आहे असं धरून चालावं. धारी नसलेली एकरंगी बारीक वायरही बहुधा बाजारातली असते.

आधी बल्ब, मग मीटर

बडोद्याच्या वाडी भागातले एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन चाचा या कामात माझ्यासोबत होते. लँडमास्टरपासून मारुतीपर्यंत सगळ्या गाड्यांत त्यांचा हात फिरलेला. मी डिजिटल मीटर काढला, तेव्हा त्यांनी आपल्या पिशवीतून ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब काढला. होल्डरला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. “बेन, आधी बल्ब, मग मीटर,” एवढंच ते म्हणाले.

त्यामागचं कारण पक्कं आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायर आतून सडलेली असेल, तांब्याची एकच तार उरली असेल, तरी मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर निरोगी असेल तर तो झगझगीत पेटतो, सडलेली असेल तर मिणमिणतो. त्याचा दुसरा उपयोग त्याहून मोठा. फ्यूजच्या जागी हाच बल्ब जोडला, तर पुढे कुठेही शॉर्ट असला तरी पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जात नाही. बल्ब पूर्ण पेटतो आणि शॉर्ट आहे हे कळतं, वायर मात्र वाचते. मग जुडा एकेका ठिकाणी हलवत जायचं. जिथे बल्ब विझतो, तिथे दोष.

चौकशीचे प्रश्न ठरलेले आहेत. बॅटरी सोडवलेली असताना मीटरने विचारायचं: हे टोक बॉडीला जोडलेलं आहे का? मध्ये काही रोध आहे का? तो हलतो का? मग बॅटरी जोडून बल्बने विचारायचं: किल्ली नसताना करंट आहे का? किल्ली फिरवल्यावर येतो का? साइड लाइट लावल्यावर? ब्रेक दाबल्यावर? इंडिकेटर टाकल्यावर उघडझाप होते का? या उत्तरांवरून टोकाचं घराणं ठरतं. रंग आणि वागणूक यांचा मेळ बसला तरच ओळख पक्की समजायची. दोन्ही वेगवेगळं सांगत असतील, तर वागणुकीवर विश्वास ठेवायचा, कारण मधल्या काळात कुणीतरी दुसऱ्याच रंगाची वायर जोडलेली असू शकते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ‘बघू या काय लागतं ते’ म्हणून अनोळखी टोकाला बॅटरीचा करंट देऊ नये. ते टोक पेट्रोलच्या टाकीतल्या तरंगत्या मापकाचं असू शकतं. त्यात बारीक तारेचा रोध असतो. त्याला थेट बारा व्होल्ट दिले तर ती तार जळेल, आणि ती जळेल पेट्रोलच्या वाफेत.

पाच टोकांचा निकाल

पहिलं टोक हिरवं, तपकिरी धारीचं, बुलेट लावलेलं. तक्त्याप्रमाणे रिव्हर्सचा दिवा. मीटरने माग काढला तर ही वायर मागे डिकीपर्यंत अखंड गेलेली होती आणि तिथेही बुलेट मोकळाच. गिअरबॉक्सवर रिव्हर्सचा स्विच नाही, मागे तो दिवाही नाही. दोन्ही बुलेटवर कधी काही खोचल्याचा ओरखडा नव्हता. ही जन्मापासूनची जास्तीची वायर. तिला रबरी टोपी घालून, नाव लिहून तशीच ठेवली.

दुसरं टोक लाल, पांढऱ्या धारीचं, आणि त्याला छोटा होल्डर. साइड लाइट लावल्या की करंट येत होता. मीटर उजळणाऱ्या दिव्यांपैकी एकाचा होल्डर आपल्या भोकातून निसटून मागे लोंबत होता. होल्डर घासला, २.२ वॅटचा बल्ब बसवला आणि जागेवर दाबला. कितीतरी वर्षांनी स्पीडोमीटर रात्री पूर्ण दिसू लागला.

तिसरं टोक हिरवं, काळ्या धारीचं. याला बॅटरीचा करंट कधीच येत नव्हता. बॅटरी सोडवून मीटरने बॉडीशी रोध मोजला, तर आकडा स्थिर राहीना. गाडी मागून हलवली की तो हलायचा. टाकीत पेट्रोल ओतल्यावर सरकून नव्या आकड्यावर थांबला. टाकीतला मापक जिवंत आहे आणि वायरही शाबूत आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको होता. पेट्रोल-काट्याच्या मागचं एक टर्मिनल रिकामं होतं. थिंबल नवीन दाबून तिथे लावलं. टाकीत काठी बुडवून पेट्रोल बघायची आमच्याकडची जुनी सवय त्या दिवशी संपली.

चौथं टोक पांढऱ्या नायलॉन कपलरचं, त्यात एक लाल आणि एक काळी वायर, दोन्हींना धारी नाही. लाल वायर किल्लीशिवाय जिवंत. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला दोन स्क्रूची भोकं आणि मागच्या काचेखाली स्पीकरची वायर, यावरून कॅसेट प्लेयरची जागा स्पष्ट झाली. घरच्यांनाही मग आठवलं. काळजीची गोष्ट वेगळीच होती: लाल वायर फ्यूजच्या आधी, थेट तपकिरी वायरीला पिळून जोडलेली होती. कपलर पत्र्याला घासून उघडा पडला असता तर आग लागली असती. ती मुळापासूनच सोडवली. पुढे कधी रेडिओ लावायचा झाला, तर तो जांभळ्या वायरीवरून, स्वतःचा छोटा फ्यूज घालूनच लावायचा.

पाचवं टोक म्हणजे तीन बारीक पिवळ्या वायरींचा कापलेला झुपका. एक वायर किल्ली फिरवली की जिवंत व्हायची. बाकी दोन इंजिनाच्या बाजूला जाऊन पेट्रोलच्या नळीजवळ मोकळ्या सुटल्या होत्या. उलगडा मामंजींच्या कागदांच्या फाइलमध्ये झाला. नव्वदच्या दशकात त्यांनी गॅस किट बसवलं होतं आणि पुढे काढलं होतं. पेट्रोल बंद करणारा व्हॉल्व्ह, गॅसचा व्हॉल्व्ह आणि डॅशबोर्डवरचा बदलता स्विच, अशी ती तीन टोकं. किट बसवणाऱ्याने इग्निशनच्या पांढऱ्या वायरीचं प्लास्टिक सोलून तिथे जोड मारला होता. पांढऱ्या वायरीला फ्यूज नाही आणि तीच कॉइलला करंट देते, म्हणजे हा सोललेला जोड बिघडला तर गाडी चालता चालता बंद पडणार. पिवळ्या वायरी पूर्ण काढल्या आणि पांढरी वायर नीट दुरुस्त केली. कागदपत्रं चाळणं हाही वायरिंग तपासण्याचाच भाग आहे, कारण गॅस किटची नोंद आरसी बुकातही होत असते.

पाणी आत कुठवर गेलं

पुरात बुडालेल्या गाडीत आणखी एक काम असतं. पाणी जोडापाशी थांबत नाही. समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते तांब्याच्या बारीक तारांमधून प्लास्टिकच्या आत चढत जातं आणि तारा काळ्या-हिरव्या होतात. बाहेरून वायर नवी दिसते, आतून तांबं ठिसूळ झालेलं असतं. म्हणून प्रत्येक जोडापाशी थोडं प्लास्टिक सोलून तांबं बघावं. लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे जावं, आणि तिथून त्याच रंगाच्या, त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा जोडावा. जोड योग्य पकडीने दाबून करावा. नुसतं पिळून टेप मारलेला जोड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवा होतो. बॉडीला जोडलेली काळी टोकंही सगळी उघडून, पत्रा घासून पुन्हा आवळावीत. जुन्या गाडीतले विचित्र दोष, म्हणजे इंडिकेटर टाकला की दुसराच दिवा मिणमिणणं वगैरे, बहुतेक वेळा खराब अर्थमुळे होतात.

फ्यूजबद्दलही सांगायला हवं. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. आजच्या फ्यूजवर सतत वाहण्याचा आकडा छापतात. जुन्याच्या जागी आकडा जुळवून आजचा ३५चा फ्यूज घातला, तर वायर आधी जळेल आणि फ्यूज नंतर.

सगळं बदलून टाकलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. सुती विणीचं वायरिंग भुगा झालं असेल, किंवा जुडा जळला असेल, तर बदलणं हाच शहाणपणा. पण ज्याची ओळख पटू शकते ते केवळ कंटाळा म्हणून काढून टाकलं, तर गाडीचा इतिहासच जातो. बाजारातल्या स्वस्त संचांत दोन-तीनच रंग असतात आणि धारी नसते. पुढच्या पिढीतल्या कारागिराला त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. संच मागवायचाच असेल, तर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात किंवा अन्यत्र मूळ रंगांचा मिळतो का, हे आधी विचारावं, आणि नवा संच बसेपर्यंत जुना फेकू नये.

याला आता व्यवहाराचीही बाजू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी मोटार किंवा दुचाकी त्यात ‘व्हीए’ मालिकेखाली नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचं ५,००० रुपये, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. मूळ रूप टिकवण्याला असं कायद्याने महत्त्व आलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचा ‘ट्वेंटीवन गन सॅल्यूट’ हा सोहळा झाला. तिथे चकचकीत रंगाभोवती गर्दी होती. माझं लक्ष मात्र बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या वायरींच्या मांडणीकडे जात होतं, कारण गाडी किती प्रामाणिकपणे जपली आहे ते तिथे कळतं.

हे ज्ञान आज ज्यांच्याकडे आहे, ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. चाचांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे; कटआऊटची पत्ती वाकवून चार्जिंग कसं जुळवायचं, हे त्यांच्या नंतर त्या घरात कुणाला येणार नाही. याच शहरात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते हाताने करायची विद्या पद्धतशीर शिकवावी म्हणून. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. तेच कलाभवन आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. तिथल्या आणि आयटीआयमधल्या मुलांनी अशा एखाद्या कारागिराजवळ बसून, एका गाडीचा एक नकाशा जरी काढला, तरी मोठं काम होईल. महाराष्ट्रातल्या मुलांनी तेच पद्मिनी या मोटारीसाठी करावं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती मुंबईत कुर्ल्याला घडवली. पद्मिनीच्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, आणि टॅक्सीवाल्यांचे ऑटो इलेक्ट्रिशियनही आता दुसऱ्या कामाला लागतील.

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे, त्यांना एवढीच विनंती. एक वही करा. प्रत्येक वायरीचा रंग, धारी, ती कुठून निघते, कुठे जाते, कधी जिवंत होते, हे तिच्यात लिहा. दुरुस्ती झाली की तारीख आणि काय बदललं तेही लिहा. मोकळ्या टोकाचं काम कळलं नसेल, तर ‘ओळख पटलेली नाही’ असं लिहून त्याला टोपी घाला. ओळख पटल्याशिवाय जोडू नका आणि ओळख पटल्याशिवाय कापूही नका. ती वही आरसी बुकाबरोबर गाडीतच ठेवा, आणि गाडी विकलीत तर नव्या मालकाच्या हातात किल्लीसोबत द्या.